कौन्सिलची खुर्ची मध्येच रिकामी झाली तर? बे एरियातल्या वाचकांचे प्रश्न

सिटी कौन्सिलचा सदस्य मुदतीच्या मधेच राजीनामा देतो. कोणी कौंटी सुपरवायझर (कौंटीच्या मंडळाचा सदस्य) होतो, कोणी दुसऱ्या गावी नोकरीला जातो, कोणाला प्रकृती साथ देत नाही. मग त्या जागेचं काय होतं, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरं कॅलिफोर्नियापुरती आहेत. शेजारच्या राज्यात कायदा वेगळा असतो, त्यामुळे हीच उत्तरं तिकडे लावू नयेत.

आमच्या शहरात एका सदस्याने राजीनामा दिलाय. आता निवडणूक होणार की कौन्सिलच कोणाला तरी बसवणार? आणि किती दिवसांत? (फ्रीमाँट)

दोन्ही शक्य आहे आणि निवड कौन्सिलची. फ्रीमाँट, मिल्पिटस, क्युपर्टिनो ही शहरं राज्याच्या सर्वसाधारण कायद्याखाली चालतात. त्यांना सरकारी संहितेचं कलम ३६५१२ लागू होतं. जागा रिकामी झाल्यापासून ६० दिवसांच्या आत कौन्सिलने एकतर नेमणूक करायची किंवा विशेष निवडणूक पुकारायची. ६० दिवसांत निवडणूक पार पडायला हवी असं नव्हे. ती पुकारण्याचा ठराव तेवढ्यात व्हायला हवा. प्रत्यक्ष मतदान ठरावापासून किमान ११४ दिवसांनंतरच्या, कायद्याने ठरलेल्या पुढच्या निवडणूक तारखेला होतं.

दिवस मोजायचे ते जागा रिकामी झाल्यापासून. पत्र १ तारखेचं असलं आणि त्यात ‘महिनाअखेरीपासून’ असं लिहिलेलं असलं, तर मोजणी महिनाअखेरीपासून सुरू होते. म्हणून सिटी क्लार्ककडे (शहराची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) आधी त्या पत्राची प्रत मागा. अर्धे गैरसमज पत्रातली ती एक ओळ वाचली की मिटतात.

नेमलेला सदस्य किती काळ राहतो? कोणी म्हणतं पुढच्या नोव्हेंबरपर्यंत, कोणी म्हणतं पूर्ण मुदत. (क्युपर्टिनो)

दोघंही बरोबर असू शकतात. सगळं राजीनाम्याच्या तारखेवर अवलंबून आहे, आणि या विषयातली खरी मेख हीच आहे.

नियम असा. मुदतीच्या पहिल्या अर्ध्या भागात जागा रिकामी झाली आणि पुढची सार्वत्रिक नगर निवडणूक १३० किंवा अधिक दिवस लांब असली, तर नेमलेली व्यक्ती त्या निवडणुकीपर्यंतच. तिथे लोक ज्याला निवडतील तो उरलेली मुदत पुरी करतो. जागा पहिल्याच अर्ध्या भागात रिकामी झाली पण निवडणूक १३० दिवसांच्या आत आली असेल, किंवा जागा दुसऱ्या अर्ध्या भागात रिकामी झाली असेल, तर नेमलेली व्यक्ती मुदत संपेपर्यंत बसते.

आकडे घालून पाहू. सदस्य नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आला, मुदत डिसेंबर २०२४ ते डिसेंबर २०२८. पहिला अर्धा भाग डिसेंबर २०२६ पर्यंत. नोव्हेंबर २०२६ ची निवडणूक ३ तारखेला, म्हणजे १३० दिवसांची रेघ २६ जूनला पडते. त्याने १० एप्रिलला जागा सोडली, तर कौन्सिलला ९ जूनपर्यंत नेमणूक करावी लागेल आणि नेमलेल्या माणसाला नोव्हेंबरमध्ये मतदारांसमोर जावं लागेल. तोच राजीनामा १० जुलैला दिला, तर निवडणुकीला ११६ दिवसच उरतात. मग नेमलेला माणूस थेट डिसेंबर २०२८ पर्यंत. तीन महिन्यांच्या फरकाने एकही मत न मिळवता दोन वर्षं जास्त मिळतात.

राजीनाम्याची तारीख कोणी मुद्दाम उशिराची ठेवली असेलच असं नाही. पण जून-जुलैमधलं राजीनामापत्र दिसलं की कॅलेंडर काढून १३० दिवस स्वतः मोजावेत. आणि नेमणूक नको, लोकांनीच निवडावं असं तुमचं मत असेल, तर ते कौन्सिलने मार्ग निवडण्याच्या बैठकीत मांडा. अर्जदारांच्या मुलाखती सुरू झाल्यावर त्या मागणीला काही अर्थ उरत नाही. ३ नोव्हेंबरलाच मतदान हवं असेल तर ठराव १२ जुलैपर्यंत व्हायला हवा, हेही लक्षात असू द्या.

सॅन होजेमध्ये मात्र आधी नेमणूक झाली आणि मग निवडणूकही झाली. असं कसं? (सॅन होजे)

सॅन होजे, सनीवेल, सँटा क्लारा ही चार्टर शहरं. त्यांची स्वतःची सनद आहे आणि रिकाम्या जागेबद्दल आधी तीच पाहायची. सॅन होजेने दोन्ही वाटा वापरल्या आहेत. २०२२ च्या निवडणुकीत मॅट मेहान महापौर आणि सिल्विया अरेनास सुपरवायझर झाल्याने दोन जागा रिकाम्या झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये कौन्सिलने अर्जुन बात्रा आणि डोमिंगो कॅन्डेलास यांना नेमलं. २०२४ मध्ये मतदारांनी कॅन्डेलास यांना ठेवलं, बात्रा हरले. पुढे ५ नोव्हेंबर २०२४ ला तिसऱ्या डिस्ट्रिक्टच्या ओमार टोरेस यांनी राजीनामा दिला. तेव्हा कौन्सिलने कार्ल सालास यांना तात्पुरतं बसवलं आणि विशेष निवडणूकही पुकारली. ८ एप्रिल २०२५ ला पहिली फेरी झाली, कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, म्हणून २४ जूनला दुसरी. त्यात अँथनी टोर्डिलोस आले. राजीनाम्यापासून निवडून आलेला सदस्य मिळेपर्यंत साडेसात महिने गेले. निवडणुकीचा आग्रह धरताना हा काळही हिशेबात धरावा.

पुण्यात नगरसेवकाने राजीनामा दिला तर पोटनिवडणूक होते. इथे निवडून न आलेला माणूस मतदान कसं करू शकतो? (सनीवेल)

तिकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-आर (243R) प्रमाणे महापालिकेच्या जागा थेट निवडणुकीनेच भरायच्या असतात, आणि ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. प्रभागात चार जागा असल्या तरी पोटनिवडणूक फक्त रिकाम्या झालेल्या जागेची होते. येणारा नगरसेवक उरलेल्या मुदतीपुरताच. स्वीकृत नगरसेवक सभागृहात बसतो, बोलतो, पण घटनेनेच त्याला मतदानाचा अधिकार दिलेला नाही.

इथला नेमलेला सदस्य म्हणजे स्वीकृत नगरसेवक नव्हे. शपथ घेतल्याच्या क्षणापासून त्याचं मत इतरांइतकंच मोजलं जातं. बजेट, झोनिंग, पोलिसांचा करार, सगळ्यावर. त्यामुळे ‘तात्पुरता तर आहे’ म्हणून या नेमणुकीकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही.

माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, पंधरा वर्षं या शहरात राहतो. अर्ज करता येईल का? (मिल्पिटस)

कौन्सिलसाठी नाही. पद घेताना तुम्ही शहराचे मतदार असावे लागता, म्हणजे अमेरिकन नागरिकत्व आणि मतदार नोंदणी दोन्ही हवं. डिस्ट्रिक्टप्रमाणे निवडणूक होत असेल तर घरही त्याच डिस्ट्रिक्टमध्ये हवं. पण २०२० पासून राज्याच्या कायद्याने नेमणुकीच्या बोर्ड आणि कमिशनसाठी नागरिकत्वाची अट राहिलेली नाही. प्लॅनिंग, पार्क्स, लायब्ररी अशा कमिशनसाठी सिटी क्लार्ककडे चौकशी करा. कौन्सिलच्या नेमणुकीत अनुभव म्हणून हीच कामं पुढे उपयोगी पडतात.

मी नागरिक आहे आणि अर्ज भरतोय. सगळ्या सदस्यांना आधी भेटलेलं चालेल का? आणि मुलाखत बंद दाराआड होते का? (फ्रीमाँट)

बंद दाराआड होत नाही. १९५३ चा ब्राउन अ‍ॅक्ट, म्हणजे बैठका उघड्यावर घेण्याचा राज्याचा कायदा, इथे लागू होतो. कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीची चर्चा बंद बैठकीत करता येते, पण कौन्सिल सदस्य त्या अर्थाने कर्मचारी नसतो. अर्ज, मुलाखती, चर्चा, मतदान सगळं उघड्यावर. गुप्त मतदानालाही मनाई आहे. चिठ्ठ्या वापरल्या तरी त्यावर सदस्याचं नाव असतं आणि कोणी कोणाला मत दिलं ते जाहीर करावं लागतं. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लागते, विशेष बैठकीची २४ तास आधी.

भेटीगाठींना हरकत नाही, फक्त एक चूक टाळा. पाच जागांच्या कौन्सिलमध्ये तिघं म्हणजे बहुमत. तुम्ही पहिल्या सदस्याला भेटलात, ती म्हणाली, ‘माझा पाठिंबा तुम्हालाच.’ मग दुसऱ्याला कॉफीवर सांगितलंत, ‘त्या माझ्या बाजूने आहेत, तुमचं काय?’ आणि दोघांचा निरोप तिसरीला फोनवर. इथे तुम्ही मध्यस्थ झालात आणि बहुमताने बैठकीबाहेर विषय ठरवला, असा अर्थ निघतो. कायदा याला साखळी बैठक मानतो. कोणीही नागरिक अशा निर्णयावर ९० दिवसांत लेखी हरकत घेऊ शकतो. चूक दुरुस्त करायला कौन्सिलला ३० दिवस मिळतात. नाही केली तर कोर्ट नेमणूक रद्दही करू शकतं. स्वतःबद्दल बोला, प्रश्न विचारा, पण एकाचं मत दुसऱ्याच्या कानावर घालू नका. सामायिक ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘दोन मतं पक्की’ असा मेसेजही नको. तो शेवटी सदस्यांपर्यंत पोचतोच.

मुलाखतीत ‘पुढच्या निवडणुकीत उभे राहणार का?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘नाही’ म्हणणाऱ्याकडे पुष्कळ कौन्सिलांचा कल असतो, कारण आयती खुर्ची मिळालेला उमेदवार इतरांना नको असतो. कायद्याने तो शब्द बंधनकारक नाही, पण दिलात तर गावात लोक विसरत नाहीत.

राजीनामा देणारा सदस्यच आपल्या वारसासाठी मत देतोय. हे कायदेशीर आहे? (वाचक, अलमेडा कौंटी)

काही अटींवर, हो. ज्या शहरात डिस्ट्रिक्टप्रमाणे निवडणूक होते, तिथे राजीनामा ‘नवा सदस्य नेमला जाईल तेव्हा अमलात येईल’ असा लिहिला असेल, तर जाणारा सदस्य त्या नेमणुकीवर मत देऊ शकतो. नातेवाईक किंवा हितसंबंध असलेल्या व्यक्तीसाठी नाही. लाचखोरी वा गुन्ह्याच्या आरोपामुळे जाणाऱ्याला, किंवा ज्याच्याविरुद्ध रिकॉल (मुदतीआधी पदावरून काढण्याचं मतदान) चालू आहे त्याला ही सवलत नाही. शिवाय असं मत दिलं की पुढची दोन वर्षं त्याला शहराशी किंवा शहराच्या कंत्राटदाराशी करार करता येत नाही, तिथे नोकरी घेता येत नाही, आणि कौन्सिलच्या मंजुरीचं परमिट मागता येत नाही. पण तारीख घालून साधा राजीनामा दिला असेल आणि ती तारीख उलटून गेली असेल, तर विषय संपला. तो आता प्रेक्षकांत बसतो.

चार सदस्य उरले आहेत आणि मतं दोन-दोन पडतायत. (मिल्पिटस)

नेहमीचंच दुखणं. बहुतेक ठिकाणी फेऱ्या घेतात, प्रत्येक फेरीत सर्वांत कमी मतांचं नाव गळतं. पद्धत मुलाखतींच्या आधी ठरवावी. नावं समोर आल्यावर पद्धतीवरूनच भांडण होतं. आणि क्लार्कने त्याच विषयपत्रिकेवर विशेष निवडणुकीचा ठरावही तयार ठेवावा. तो छापलेला नसेल तर अडकलेल्या बैठकीत त्यावर मतच घेता येत नाही. मग नवी बैठक, नवी नोटीस, आणि तोवर ६० वा दिवस उजाडतो.

सदस्याने राजीनामा दिलेला नाही, पण महिनोन् महिने येतच नाहीत. (क्युपर्टिनो)

परवानगीशिवाय सलग ६० दिवस एकाही नियमित बैठकीला हजर नसेल तर जागा आपोआप रिकामी होते. शेवटच्या हजेरीपासून मोजायचं. शहराबाहेर राहायला गेला तर लगेच.

नेमणूक झाली तर फॉर्म ७०० भरावा लागेल असं कळलं. पुण्याचा फ्लॅट आणि कंपनीचे शेअर दाखवायचे का? (सनीवेल)

फॉर्म ७०० म्हणजे आर्थिक हितसंबंधांचं विवरणपत्र. ते पद घेतल्यापासून ३० दिवसांत भरायचं. उशीर झाला तर दिवसाला १० डॉलर, जास्तीत जास्त १०० डॉलर दंड.

पुण्याचा फ्लॅट दाखवायचा नाही. शहराच्या हद्दीतली किंवा हद्दीपासून दोन मैलांच्या आतली मालमत्ताच मोजतात, आणि स्वतः राहता ते घर त्यातूनही वगळलेलं आहे. शेअर मात्र दाखवायचे. शहरात व्यवसाय करणाऱ्या कंपनीत तुमची, जोडीदाराची किंवा अज्ञान मुलांची मिळून २,००० डॉलर वा जास्त गुंतवणूक असेल तर नोंद हवी. म्युच्युअल फंड सहसा सुटतात. पगाराची मर्यादा ५०० डॉलर. जोडीदाराच्या पगारात तुमचा निम्मा वाटा धरतात, म्हणजे त्यांचा १,००० डॉलर झाला की तोही आला. हातात आलेले कंपनीचे शेअर लोक विसरतात, कारण ते ‘पगाराचाच भाग’ वाटतात.

नोंद केली म्हणजे सुटलात असंही नाही. त्या कंपनीच्या नव्या इमारतीचा विषय आला तर हितसंबंध जाहीर करून खोलीबाहेर जावं लागतं, नुसतं मत न देणं पुरत नाही. एखाद्या मोठ्या टेक कंपनीच्या गावात तिथलाच नोकरदार कौन्सिलवर आला, तर वर्षातले किती विषय हातचे जातील हे अर्ज करण्याआधी सिटी अटर्नीला (शहराच्या वकिलाला) विचारून घ्या. अर्ज मागे घ्यायला लागला तरी चालेल, पण ही चौकशी शपथेनंतर नको.