इंजेक्शन बंद केल्यावर वजन परत येतं का?

ताई, सेमाग्लुटाइडवर (भूक कमी करणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन) पाच महिन्यांत ९ किलो उतरले, आता इंजेक्शन बंद केलं तर परत चढतील का, असं तुम्ही विचारलंय. स्पष्टच सांगते: नुसतं बंद केलंत तर बरेचसे चढतील. त्यात तुमचा आळस नाही.

२०२१ च्या ज्या मोठ्या चाचणीने या औषधाचं नाव झालं, तिच्यात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. नंतर औषध आणि आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दोन्ही थांबवलं, तर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. औषधामुळे पोट सावकाश रिकामं होतं, मेंदूला 'पुरे' लवकर कळतं. ते अंगातून गेलं की भूक आपली हजर.

आता माझी चूक सांगते. मला शुगर आहे, म्हणून २०२२ पासून याच औषधाची गोळी घेते. पहिले सहा महिने भूकच नव्हती, तर मी सकाळी चहा-खारी, दुपारी दोन घास वरणभात, रात्री काहीच नाही असं चालवलं. काटा झरझर खाली. सगळे म्हणायचे, काय बारीक झालीस! आणि मला मात्र दुसऱ्या मजल्यावर जाताना कठडा धरावा लागायचा. चरबीबरोबर स्नायूही गेले होते. औषध कमी खायला लावतं, पण त्या कमीत काय खायचं ते आपणच बघायचं असतं. आता ताटात आधी उसळ, पनीर किंवा अंडी, मग भाकरी. चतुर्थीला साबुदाण्याऐवजी दही आणि शेंगदाणे. (सासूबाईंना अजून पटलेलं नाही.)

दुसरं म्हणजे व्यायाम. कोपनहेगनच्या एका चाचणीत १९५ जणांनी आधी आठ आठवडे कडक आहार पाळून सरासरी १३ किलो उतरवले. पुढचं वर्षभर काहींना लिराग्लुटाइड (याच जातीचं औषध), काहींना व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. मग सगळं थांबवलं. वर्षाने पाहिलं तर नुसतं औषध घेतलेल्यांचं वजन जास्त परत आलं, व्यायाम केलेल्यांनी त्यातलं बरंच टिकवलं. म्हणून मी इंजेक्शन चालू असतानाच जोर लावायचा व्यायाम सुरू करायला सांगते. भूक शांत असताना सवय लावणं सोपं जातं. मी भिंतीला टेकून जोर आणि खुर्चीवरून उठबस यांनी सुरुवात केली, आता डंबेल्स आहेत.

आणि बंद करायचंच असं का ठरवलंत? खर्च, मळमळ, की 'औषधावर किती दिवस राहायचं' ही लाज? खर्च किंवा त्रास असेल तर डॉक्टरांशी डोस कमी करण्याबद्दल बोला, आपल्या मनाने एक आठवडा सोडून एक असं करू नका. लाज असेल तर बीपीची गोळी आपण लाजून सोडतो का? मी माझी सेमाग्लुटाइडची गोळी अजून घेते. थांबवलंत तर दर रविवारी सकाळी काट्यावर उभ्या राहा, आणि दोन किलो वर गेलं की दिवाळी होऊ दे म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा.