चिरायचं, कापायचं की तोडायचं?

मराठी नव्यानं शिकताय ना, मग सगळीकडे 'कापणे' वापरू नका. क्रियापद एकटं पाठ करण्यापेक्षा नामासकट पाठ करा. भाजी चिरायची, केस कापायचे, सुपारी अडकित्त्यानं कातरायची, मेथीचे कोवळे शेंडे खुडायचे. लोणच्याची कैरी मात्र फोडतात, म्हणून तिच्या फोडी होतात. वांग्याचे तव्यावर परतलेले, ते काप.

शेतात हे आणखी काटेकोर. भाताची कापणी, उसाची तोडणी. नाशिककडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. तिथे छाटणीला चुकून 'बाग तोडली' म्हणालात, तर ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होईल. बाग तोडणं म्हणजे ती कायमची काढून टाकणं.

लाक्षणिक अर्थांकडे जास्त लक्ष द्या. पगार कापतात, अंतरही कापतात, पण नातं तोडतात. केसानं गळा कापतो तो विश्वासातलाच माणूस. 'तोडपाणी' म्हणजे पैसे देऊन प्रकरण गुपचूप मिटवणं; हा शब्द फार जपून वापरा.

कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा. मंडईत थोडा वेळ थांबलात तरी पान भरेल.