माझी १५ वर्षांची मुलगी मला काहीच सांगत नाही. तिला मन मोकळं करायला विश्वासाचं मोठं माणूस कसं मिळवून देऊ?

माणूस तुम्ही नेमू नका. तिच्याच तोंडून दोन-तीन नावं काढून घ्या आणि त्यांच्याशी तिची गाठ पडत राहील एवढं बघा. "अडचण आली तर कुणाला सांगशील?" या प्रश्नाला बहुधा "कुणालाच नाही" असं उत्तर येतं. "रात्री अडकलीस तर न ओरडता न्यायला कोण येईल?" असं विचारा, नाव पटकन निघतं. मी शाळेत समुपदेशक आहे. "जा, मावशीशी बोल" म्हणून धाडलेली मुलं गप्पच बसतात, कारण सगळं घरी पोचणार हे त्यांना ठाऊक असतं. मुलं आधी एखादी फुटकळ गोष्ट सांगून अंदाज घेतात, मैत्रिणीशी झालेलं भांडण वगैरे. तिथेच उपदेश सुरू झाला की खरी गोष्ट आतच राहते. नंतर त्या व्यक्तीकडे खोदून चौकशी करू नका (आईबापांना हेच सगळ्यात जड जातं). मात्र जिवाला धोका, स्वतःला इजा करणं किंवा लैंगिक त्रास असेल तर गुपित राखता येत नाही, हे तिलाही आधीच सांगा. आणि "हे आपल्या दोघांतच, घरी बोलू नकोस" असं स्वतःहून म्हणणाऱ्याचं नाव यादीतून खोडा.