आधी हवा बघा, ताट बघा, मग बाटली

वाइन निवडताना नवखे लोक आधी प्रदेशांची नावं पाठ करतात. तुम्ही उलटं करा. हवा कशी आहे आणि ताटात काय आहे, ते आधी ठरवा.

उन्हाळ्यात आंबटसर, हलकी व्हाइट घ्या. मासे-शिंपले असतील तर फ्रान्समधल्या लुआरची मस्कादे किंवा स्पेनमधल्या रियास बायशासची अल्बारिन्यो. त्यांचा आंबटपणा माशावर पिळलेल्या लिंबाचं काम करतो.

तिखट जेवणाशी मात्र खरी परीक्षा असते. अल्कोहोल आणि टॅनिन (रेड वाइनला तुरट चव देणारा घटक), दोन्ही तिखटाची आग वाढवतात, म्हणून दणकट रेड टाळाच. जर्मनीतल्या मोझेलची काबिनेट रीसलिंग ही हलकी व्हाइट आणा: अल्कोहोल बहुधा ८-९ टक्के आणि किंचित गोडी. मला याहून चांगली जोडी सापडलेली नाही.

थंडीत मंद आचेवर शिजलेल्या मटणासोबत इटलीतली दणकट रेड, बारोलो. प्रथिनं आणि चरबीमुळे तिचा तुरटपणा मऊ वाटतो. कोवळी, म्हणजे फार जुनी नसलेली, असेल तर तास-दोन तास आधी डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या भांड्यात) ओतून ठेवा.

पाहुण्यांची आवड माहीत नसेल तर फ्रान्समधली हलकी रेड बोजोले, १२-१३ अंश सेल्सिअसपर्यंत गार करून. ती जवळपास सगळ्यांशी जमवून घेते.

समारंभाला शॅम्पेनच हवी असं अजिबात नाही. स्पेनच्या कावा या फसफसत्या वाइनलाही शॅम्पेनसारखंच बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, आणि ती सहसा बरीच स्वस्त पडते. फक्त केकसोबत कोरडी (गोडी नसलेली) कावा देऊ नका, आंबट लागेल. गोडाबरोबरची वाइन पदार्थाहून गोड हवी. फ्रान्सची गोड वाइन सोतेर्न त्यासाठी उत्तम.