अपघातात पाय गेलेला कामगार परत येतो म्हणतोय, 12 माणसांच्या कारखान्यात त्याला ठेवावं लागतं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की जळगाव एमआयडीसीत तुमचं चटईचं युनिट आहे, लूमवरच्या पोराचा बाईक अपघातात गुडघ्याखाली पाय गेला, आता जयपूर फूट बसवून तो परत येतो म्हणतोय आणि तुम्हाला कळत नाही की कायद्याने काय करावं लागेल. मी भुसावळला मोटर रिवाइंडिंग करतो, माझाही डावा पाय असाच गेलाय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

कायदा 2016 चा, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. त्यातलं 4 टक्के आरक्षण सरकारी ठिकाणी लागतं, तुम्हाला नाही. अपंगत्व आलं म्हणून नोकरीवरून काढायचं नाही हे कलम 20 पण सरकारी आस्थापनांसाठीच आहे. बरेच मालक इथपर्यंतच वाचतात आणि सुटलो म्हणतात. पण कलम 3 म्हणतं अपंगत्वाच्या कारणाने भेदभाव करायचा नाही, आणि झेपेल अशी सोय द्यायला नकार देणं हा पण भेदभावच धरलाय. आस्थापना म्हणजे खाजगी फर्म, कारखाना सगळं आलं. कलम 21 प्रमाणे समान संधी धोरण पण लावावं लागतं, फक्त 20 पेक्षा कमी माणसं असली तर कामासाठी काय काय सोयी देणार तेवढं लिहून दिसेल असं लावलं की झालं. हे मोडलं तर दंड पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत, नंतर 50 हजार ते 5 लाख.

आता खरं काम. लूमवर दिवसभर उभं राहणं त्याला सुरुवातीला जमणार नाही, तर शिलाईला किंवा पॅकिंगला बसवा, पण ते त्यालाच विचारून. मी कामावर परत गेलो तेव्हा माझ्या आधीच्या मालकाने न विचारता मला गेटवर बसवलं, पगार कमी केला, वर म्हणे तुझ्या भल्यासाठीच. मी एवढंच म्हटलं होतं, "माले बसाले स्टूल द्या, वाइंडिंग मी करस." हात तर शाबूत होते ना माझे!

सगळ्यात मोठी अडचण संडासाची असते आणि ती पोरगं लाजून सांगणार नाही. नकली पायावर उकिडवं बसून उठणं बऱ्याच जणांना जड जातं. साधी कमोड खुर्ची ठेवा आणि भिंतीला धरायला पाइप ठोका, वेल्डरचं तासाभराचं काम आहे. दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये 44-45 डिग्रीत सॉकेटमध्ये, म्हणजे नकली पायाच्या ज्या खोबणीत उरलेला पाय बसतो तिथे, घाम साचतो, कातडी सोलवटते, एकदा जखम झाली की पाय घालताच येत नाही आणि मग खाडे होतात आणि सगळे म्हणतात बघा याला जमत नाही. दोन-तीन तासांनी दहा मिनिटं पाय काढून पुसून कोरडा करायला वेळ द्या, आडोशाला जागा द्या, आणि तो वेळ हजेरीतून कापू नका. सुरुवातीला अर्धी शिफ्ट दिली तर अजून चांगलं.

त्याच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर सिव्हिलला तपासणीसाठी एक दिवस भरपगारी सुट्टी द्या.

मुकादमाला मात्र तो यायच्या आधीच बाजूला घेऊन सांगा. चारचौघात मुद्दाम लंगड्या म्हणून अपमान केला तर कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे, आणि कामावर परत आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात काम सोडतो ते बहुतेक वेळा पायामुळे नाही, असल्या बोलण्यामुळे.