नकार तुम्हाला होता की तुमच्या व्हिसाला?

एमडी फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) करून नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत गेलेल्या डॉक्टर मुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "यूएसएमएलई दिलेली नाही, रेसिडेन्सी नाही, मग या पदवीचं आता करायचं काय?" (यूएसएमएलई ही तिथल्या डॉक्टरकीच्या लायसन्ससाठीची परीक्षा, रेसिडेन्सी म्हणजे तिथलं रुग्णालयातलं प्रशिक्षण.) अनघा (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) हाच प्रश्न घेऊन आली. पण तिने एक पाऊल पुढे टाकलेलं होतं. क्लिनिकल फार्माकॉलॉजीतल्या (माणसांवर औषधं कशी काम करतात या विषयातल्या) पोस्टडॉकसाठी, म्हणजे उच्च पदवीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, तिने अर्ज केले होते आणि लागोपाठ नकार आले होते. कारण कुणीच कळवलं नव्हतं, म्हणून ते तिने स्वतःच ठरवून टाकलं. वय ३४, बाळंतपणामुळे पडलेली गॅप, आणि "आपल्याकडच्या एमडीला तिथे कोण विचारतं, मॅडम?" त्यात दर रविवारी फोनवर वडिलांचं पालुपद, "केईएमला डीएमच करायला हवं होतंस." मुंबईच्या केईएममध्ये या विषयात तीन वर्षांचं डीएम, म्हणजे एमडीनंतरची अतिविशेष पदवी, आहे, ते हुकल्याची बोच तिलाही होतीच.

आत्मविश्वासाबद्दल काही बोलण्याआधी मी अर्जांची यादी मागवली. जवळजवळ सगळे टी-३२ कार्यक्रम! टी-३२ म्हणजे एनआयएच या अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेकडून विद्यापीठांना मिळणारं प्रशिक्षण अनुदान. क्लिनिकल फार्माकॉलॉजीच्या पोस्टडॉकसाठी ते एनआयजीएमएस ही एनआयएचचीच संस्था देते. त्यावर नेमणूक व्हायची तर अमेरिकी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. अनघा एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर होती. नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेला असल्याने तिच्याकडे ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना होता. परवाना आहे म्हणजे सगळं चालतं, असं ती धरून चालली होती. टी-३२ला तो पुरत नाही.

"म्हणजे माझा सीव्ही कुणी वाचलाच नसेल?"

"काही ठिकाणी नसेलही."

आधी ती हसली, मग चांगलीच चिडली. मला बरं वाटलं. 'मी कमी पडले' यापेक्षा 'नियम आधी का नाही सांगितला' हा राग कामाला येतो.

दुसरं दार उघडंच होतं. एखाद्या प्राध्यापकाच्या स्वतःच्या संशोधन अनुदानातून, उदाहरणार्थ एनआयएचच्या आर०१मधून, पोस्टडॉकला पगार देता येतो आणि तिथे नागरिकत्वाची अट नसते. शिकायचं तेच असतं: रक्तातल्या औषधाची पातळी मोजणं, त्या आकड्यांवरून नॉनमेम किंवा आर या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बसवणं, ट्रायलचा आराखडा करून तो आयआरबी या नैतिकता समितीकडून मंजूर करून घेणं. फरक इतकाच की टी-३२मध्ये अभ्यासक्रम आणि सेमिनार आखून दिलेले असतात. इथे गाइड चांगला नसेल तर दोन वर्षं नुसतं नमुने मोजण्यात जातात. म्हणून विद्यापीठाच्या नावापेक्षा गाइडकडे बघा, असं मी आग्रहाने सांगते. आधीचे पोस्टडॉक आज कुठे आहेत, पहिल्या लेखकाच्या जागी त्यांची नावं लागली का, सगळं सरळ विचारायचं. विचारल्याचा राग येणारा गाइड आपल्याला नकोच.

रुग्णांचं काय? लायसन्सशिवाय उपचार करता येणार नाहीत, हे स्पष्टच आहे. पण केवळ भीतीपोटी यूएसएमएलईची पुस्तकं उघडू नका, असं मी तिला म्हटलं. पेशंट बघायचेच असतील तर ती परीक्षा द्यावी. पोस्टडॉकसाठी ती लागत नाही.

पुढच्या बोलण्यात तिच्या एमडीच्या प्रबंधाचा विषय निघाला: रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं क्लोपिडोग्रेल आणि सीवायपी२सी१९ हे एन्झाइम. हे औषध शरीरात गेल्यावर यकृतातल्या याच एन्झाइममुळे कामाला लागतं. ज्यांच्यात ते एन्झाइम जवळपास चालतच नाही, त्यांच्यासाठी एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१०मध्ये ठळक चौकटीतला इशारा दिला. एन्झाइम मंद करणारं जनुकरूप आपल्या दक्षिण आशियाई लोकांत बरंच आढळतं. आणि हा प्रबंध सीव्हीच्या तिसऱ्या पानावर, छंदांच्या वर, एका ओळीत आटपलेला! तो पहिल्या पानावर आणला. फार्माकोजेनोमिक्सवर (जनुकांनुसार औषधाचा परिणाम कसा बदलतो, यावर) काम करणाऱ्या मोजक्या प्राध्यापकांना तिने थेट पत्रं लिहिली. साचेबद्ध मजकूर टाळून प्रत्येकाच्या एका पेपरवर नेमका प्रश्न विचारला, आणि ईएडी असल्याचं दुसऱ्याच वाक्यात सांगितलं.

एकाने बोलावलं. सध्या ती तिथेच आहे, अनुदानाच्या पगारावर. पुढच्या वर्षी के९९/आर०० या एनआयएचच्या अनुदानासाठी अर्ज करायचा विचार आहे. त्यालाही नागरिकत्वाची अट नाही, मात्र पोस्टडॉकची पहिली चार वर्षं उलटायच्या आत तो करावा लागतो. वडिलांचं डीएमचं पालुपद अजून थांबलेलं नाही.

तुमच्या हातात ग्रीन कार्ड असेल तर मात्र टी-३२ सोडू नका. २०२४मध्ये त्याचं सुरुवातीचं विद्यावेतन वर्षाला ६१,००८ डॉलर होतं. फक्त एक अट सहीआधी वाचा: पहिल्या बारा महिन्यांची परतफेड तितकेच महिने संशोधन किंवा अध्यापन करून करायची असते. दुसरं वर्ष प्रशिक्षणातच काढलं तर ती त्यातच फिटते.