पाइनहर्स्टची उघडी वाळू

प्रश्न : २०२४ची यू. एस. ओपन गोल्फ स्पर्धा टीव्हीवर पाहताना अमेरिकेतील पाइनहर्स्ट क्रमांक २ या मैदानाने मला बुचकळ्यात टाकले. जुन्या रचनेचे उत्तम पुनरुज्जीवन म्हणून त्याचे कौतुक होते. मला मात्र फेअरवेच्या (चेंडू मारत नेण्याच्या आखूड गवताच्या पट्ट्याच्या) कडेने उघडी वाळू, रानगवताचे झुबके आणि पिवळट पट्टे दिसले. यात नेमके काय पाहावे? आणि मूळ रचना कशी होती, हे इतक्या वर्षांनी कळते तरी कसे?

उत्तर : जे आपल्याला दुर्लक्षासारखे वाटले, तेच या मैदानाचे मूळ रूप आहे. रचनाकार डोनाल्ड रॉस स्कॉटलंडमधील डॉर्नॉक या किनाऱ्यावरच्या गावात वाढले होते आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या वालुकामय टेकड्यांत त्यांना तशीच जमीन मिळाली. १९०७ मध्ये खुल्या झालेल्या या मैदानावर ते १९४८ मध्ये निधन होईपर्यंत फेरफार करत राहिले. त्यांचे घरही तिसऱ्या होलच्या, म्हणजे मैदानाच्या तिसऱ्या टप्प्याच्या, ग्रीनलगत (चेंडू घालायच्या खळग्याभोवतीच्या गुळगुळीत भागालगत) होते. पुढच्या काळात भरपूर पाणी देऊन या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवळ वाढवण्यात आली, फेअरवे अरुंद झाले आणि दोन्ही बाजूंना उंच गवताचा रफ आला. मैदान नीटनेटके दिसू लागले खरे, पण रफमध्ये गेलेला प्रत्येक चेंडू सारख्याच गवतात रुतू लागला आणि तो बाहेर काढण्यापलीकडे खेळाडूला विचार करण्यासारखे काही उरले नाही.

रॉस यांच्या रचनेचा जीव ग्रीनमध्ये आहे. पुढच्या वेळी कॅमेरा ग्रीनच्या पातळीवर येईल तेव्हा कडांकडे लक्ष द्यावे : मधला भाग उचललेला असतो आणि चोहोबाजूंनी उतार बाहेर पडतो, त्यामुळे चांगला वाटणारा फटकाही हळूहळू घरंगळत खालच्या आखूड गवताच्या खोलगट भागात जाऊन थांबतो. तेथून चेंडू उचलून मारावा, जमिनीलगत पळवावा की सरळ पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याची काठी) हाती घ्यावा, हे खेळाडूने ठरवायचे असते. २०१४ मध्ये याच मैदानावर मार्टिन कायमर यांनी ग्रीनबाहेरून वारंवार पटर वापरला आणि ८ फटक्यांच्या फरकाने यू. एस. ओपन जिंकली. मात्र ग्रीनवर कोणत्या बाजूने यायचे, याची निवड त्याआधीच, टीवरच्या, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या, फटक्यात होते. फेअरवे रुंद असेल तरच त्या निवडीला अर्थ राहतो.

ही रुंदी २०१०-११ मध्ये बिल कूर आणि बेन क्रेन्शॉ या रचनाकारांनी परत आणली. त्यांनी सुमारे ३५ एकरांवरील हिरवळ काढून टाकली, रफ पूर्णपणे हटवला आणि पाणी फवारणारी सुमारे ११५० तुषार-तोंडे ४५० वर आणली. फेअरवेचा मध्य हिरवा आणि कडा पिवळट दिसतात, कारण पाणी मुख्यतः मध्यरेषेवरून दिले जाते. वाळूत गेलेला चेंडू कधी मोकळ्या जागी सापडतो, तर कधी झुबक्याला टेकलेला. २०२४ च्या अखेरच्या होलवर ब्रायसन डीशॅम्बो यांचा चेंडू अशाच जागी झाडाच्या मुळाशी अडकला होता. तेथून तो बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेला आणि तिथल्या लांब फटक्यानंतर पटरच्या एका फटक्यात त्यांनी विजेतेपद मिळवले. तो प्रसंग मला अजून डोळ्यांसमोर दिसतो, कारण एकसारख्या रफमध्ये तो घडूच शकला नसता.

आता पुराव्याविषयी. १९४३ मध्ये विमानातून घेतलेली छायाचित्रे उपलब्ध होती आणि त्यांत फेअरवेच्या कडा व बंकरांचे आकार दिसत होते. त्याहून मोलाची ठरली ती जमिनीत राहिलेली जुनी पाण्याची पाइपलाइन : ती मूळ फेअरवेच्या मध्यातून गेलेली असल्यामुळे तिच्यावरून दोन्ही बाजूंची रुंदी पुन्हा आखता आली. तरीही ‘मूळ’ म्हणजे कोणत्या वर्षीचे, हा प्रश्न उरतोच, कारण १९३५ पर्यंत तेथील ग्रीनवर गवतही नव्हते, ते वाळूचे होते. म्हणूनच कूर-क्रेन्शॉ यांनी एकच साल पकडून न बसता रॉस यांच्या उत्तरकाळातील मैदान डोळ्यांसमोर ठेवले आणि ग्रीनना फारसा हात लावला नाही. माझ्या मते हा संयम त्यांच्या कामातील सर्वांत मोठा गुण आहे.

प्रश्न : पुनरुज्जीवनाच्या नावाखाली ओकमाँट या अमेरिकेतील गोल्फ मैदानावर हजारो झाडे तोडली गेली. हे समर्थनीय आहे का?

उत्तर : झाड पडताना पाहून वाईट वाटणे स्वाभाविक आहे, परंतु पेनसिल्व्हेनियातील हे मैदान हेन्री फाउन्स यांनी १९०३ मध्ये उघड्या माळावरच आखले होते. झाडे बरीच नंतर, सुशोभनासाठी लावली गेली. त्यांनी वारा अडवला आणि ग्रीनवर सावली धरली. पाइनहर्स्टचे पाइन वृक्ष मात्र त्या भूमीचेच आहेत, त्यामुळे एका मैदानाचा न्याय दुसऱ्याला लावता येत नाही. ओकमाँटची तोड १९९० च्या दशकात सुरू झाली, आणि आता तेथील क्लबहाउससमोर उभे राहिले की जवळजवळ सारे मैदान एका नजरेत येते.